कागद अडकला की शून्य

सिल्वासात माझं काम खुर्चीवरचं. मोल्डच्या, म्हणजे साच्याच्या, प्लेटचं चित्र स्क्रीनवर उघडायचं, एकेक भोक निवडायचं आणि सॉफ्टवेअरला सांगायचं, ड्रिल कुठून सुरू होईल आणि किती खोल जाईल. भोक खाचेच्या तळात असेल तर सुरुवातही तळापासून धरायची, नाहीतर ड्रिल नुसतंच हवेत फिरत बसतं. एकदा नीट सांगितलं की मशीन मुकाट्याने तेवढंच खाली जातं.

फक्त शून्य कुठे आहे, हे त्याला ठाऊक नसतं. ते मशीनवर ठरवायचा माझा मोठा भाऊ. सिल्वासाजवळच्या खडोलीतल्या आमच्या शेडमध्ये जुनीच रीत होती. प्लेटवर कागदाचा कपटा ठेवायचा, एका हाताने चाक फिरवत ड्रिल हळूहळू खाली आणायचं, दुसऱ्या हाताने कपटा मागेपुढे सरकवत राहायचं. कागद जरासा अडकला की ते शून्य. माझे सगळे आकडे तिथून मोजले जायचे. धुळ्याहून मला त्यानेच इथे आणलं होतं. ‘प्रोग्रामही आमच्याच घरातला आणि मशीनही’ असं सांगत शेडभर मिरवायचा. मलाही ते आवडायचं, उगाच नाही कशाला म्हणू?

गेल्या वर्षी त्याला साखर निघाली. गोळ्या घेतो म्हणायचा आणि घ्यायचा नाही. मग भोकं खोल यायला लागली. केसभरच, पण तेवढ्याने त्यांत बसवायच्या पिना जास्त आत जायच्या आणि प्लेट परत यायची.

सुपरवायझर आधी माझ्याकडे आला. मी सगळी भोकं पुन्हा उघडून बघितली. सुरुवात बरोबर, खोली बरोबर. एखादा आकडा चुकलेला सापडला असता तर मी देवापुढे नारळ फोडला असता. केबिनच्या काचेतून बाहेर बघितलं तर दादा शून्य घेत होता. कपटा केव्हाच अडकला होता, ड्रिलखाली दबून फाटलाही होता, आणि दादाचं चाक फिरतच होतं.

“साब, गलती मेरी है,” मी सुपरवायझरला म्हणालो. “स्टार्ट पॉइंट गलत लिया था.”

दादा हात पुसत मागे येऊन उभा होता. “नहीं साब, इसका प्रोग्राम सही है. मेरी उंगली को कागज मालूम नहीं पड़ता.”

सुपरवायझरने आवाजही चढवला नाही. दुसऱ्या दिवसापासून दादाला पॅकिंगला जायला सांगितलं.

मला दादाचा भयंकर राग आला. गेटबाहेर पडताच मी भडकलो, “काय गरज होती? घेतलं होतं ना मी माझ्यावर!”

“आन् किती दिवस घेशील रे?” तो म्हणाला. “ड्रिल तुटून कोनाच्या डोळ्यात गेलं असतं म्हंजे?” तो पुढे, मी मागे, असे आम्ही खोलीवर आलो.

दारातच वहिनी म्हणाली, “पोरीचं अंग गरम लागतंय, बघा जरा.”

दादाने लेकीच्या कपाळावर हात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. मी पुढे झालो, तर त्याने मान हलवून मला थांबवलं. मग वाकून त्याने आपला गाल तिच्या कपाळाला लावला आणि वहिनीला म्हणाला, “हो, ताप आहे.”