भत्ता आला

सुटून आल्यावर बरेच दिवस मी दारापाशी थांबायचो. दार सताड उघडं असलं तरी थांबायचो. कुणीतरी 'चल' म्हटल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. ताईकडे मोरीच्या दाराशी मी असा खांबासारखा उभा राहिलो की ती चुलीपासून ओरडायची, "अरे जा की आत, कुण्या सायबाची वाट बघायलास?" ती हसायची, मग मीही हसायचो. दाजी मात्र हसायचे नाहीत.

त्यांचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. मुकुंदवाडीत दोन खोल्या, त्यांत ही चार माणसं, आणि वर मी, रात्रभर दिवा चालू ठेवणारा. दिवा मालवला की माझ्या छातीवर कुणीतरी येऊन बसायचं. दाजींनी मला एकदाच, आवाज न चढवता सांगितलं, "काम धरा आन् टिकवा. काम हाय तंवर इथं राहा. नुसतं बसून राहिलात तर गल्लीला मी काय सांगू?" म्हणजे काम गेलं की डोक्यावरचं छप्परही गेलं. गावी परतायची सोय नव्हती. वैजापूर तालुक्यात आमचं शेत. तिथं बांधाच्या भांडणात माझ्या हातचा कुऱ्हाडीचा दांडा चुलत चुलत्याच्या डोक्यात बसला आणि तो मेला. कलम तीनशे चार. त्याची मुलं आता त्याच बांधावर नांगर धरतात. शिक्षा पुरी भोगलीस, आता तू मोकळा, असं वकील म्हणाला. त्याला काय जातंय म्हणायला.

वाळूजच्या एका कंपनीने मला मुलाखतीला बोलावलं. आत भेटीलाही मुलाखतच म्हणतात, म्हणून मुलाखत म्हटलं की मला अजून जाळी दिसते, जाळीपलीकडे ताई आणि तिच्या मागं रांगेत उभी बाया-माणसं. इथं समोर एसी होता आणि एक गोड बोलणारा पोरगेला साहेब. सगळं झाल्यावर तो म्हणाला, तेवढं पोलिसांकडून चारित्र्य प्रमाणपत्र आणून द्या. मी "उद्याच आणतो" म्हणालो आणि त्या रस्त्याला पुन्हा फिरकलो नाही. मग एका हॉटेलात टेबलं पुसली. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक हवालदार चहाला आला. साधा चहाला आलेला माणूस; मी मात्र भटारखान्यात जाऊन पिठाच्या पोत्यांमागं उभा राहिलो. मालकानं विचारलं, काय झालं? त्या संध्याकाळी मी स्वतःच काम सोडलं.

शेवटी रोशन गेटकडच्या एका फर्निचरच्या कारखान्यात मला काम मिळालं. शाळांचे बाक, कपाटं, दिवाण असला माल. मालकांना सगळे भाई म्हणायचे. तीन पिढ्या लाकडाच्या धंद्यात, माणूस बोलायला मोकळा, रागालाही मोकळा. त्यांनी माझ्या हातात रंधा दिला, खाचेचा एक सांधा जोडून दाखवायला सांगितला. जोडावरून अंगठा फिरवत म्हणाले, "हात तर मस्त है. कुठं शिकलात?"

मी हर्सूल जेलच्या आतल्या कारखान्यात शिकलो होतो. कोर्टाची बाकडी आम्ही करायचो. ज्यावर बसून माझ्यासारखे पुढचे लोक तारखेची वाट बघणार, ती बाकडी. मी म्हणालो, "पुण्याला."

"बस्स. मॅडमकडं जाऊन नाव सांगा."

मॅडम म्हणजे हिशोबाच्या बाई. कारखान्याच्या एका कोपऱ्यात काचेची केबिन होती, तिच्यात त्या बसायच्या. पन्नाशी उलटलेल्या, सिडकोत राहणाऱ्या, सुती साडी, चष्मा दोरीला. वडील, आजोबा सगळे कारकून, असं त्या स्वतःच कधी कधी सांगायच्या. बोलणं एकदम स्वच्छ, शाळेतल्या बाईंसारखं. मुलगा बंगळूरला मोठ्या कंपनीत होता. सुट्टी मिळत नाही हो त्याला, गणपतीलासुद्धा नाही, असं त्या भाईंना सांगताना मी पहिल्याच दिवशी ऐकलं.

त्यांनी माझं आधार कार्ड बघितलं. "वैजापूरचे तुम्ही. आणि मधली वर्षं पुण्यात?"

"व्हय."

"पुण्यात कुठे?"

आता मी पुणं पाहिलेलं नाही. जन्मात नाही. पुण्याहून बदली होऊन आमच्या बराकीत जे कैदी आले होते त्यांच्या तोंडून जे ऐकलं तेवढंच माझं पुणं. बाई पेन उचलून वाट बघत होत्या आणि माझ्या तोंडून जे पहिलं नाव निघालं ते निघालं.

"येरवड्याला."

अख्ख्या महाराष्ट्रात शेंबडं पोरसुद्धा सांगेल येरवड्यात काय आहे ते. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं एकदा बघितलं, नंतर मान खाली घातली. "बरं," म्हणाल्या. "उद्यापासून वेळेवर या."

त्या दिवसापासून मला बाईंची भीती बसली. भाई आरडाओरडा करायचे, त्यांची भीती वाटत नव्हती. आरडाओरड्यात मी बरीच वर्षं काढलीत. बाई गप्प होत्या. रंधा मारताना पाठीला कळायचं की काचेतून कुणीतरी बघतंय. वळून बघावं तर त्या कागदात डोकं घालून बसलेल्या. दर पंधरवड्याला एक दिवस त्या जेवणाआधीच निघून जायच्या, बँकेत काम आहे म्हणून. तेवढा एक दिवस मी मोकळा श्वास घ्यायचो. वासरू सुटावं तसा कारखानाभर हिंडायचो.

त्यात भाईंनी एकदा चहा पिता पिता सगळ्यांसमोर सांगितलं, "आपल्याकडं माणूस घरचा पाहिजे. मागं एक होता, काम एक नंबर. कळलं का जेलमधून आलेला आहे. उसी दिन रवाना केला. सोन्यासारखा हात असू दे, मला नाय चालत." माझ्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. मी कप खाली ठेवला आणि हात मांडीखाली घातले. केबिनचं दार उघडं होतं. बाईंनी ऐकलंच असणार.

तरी महिने गेले. हात बसला, भाईंनी दोन शाळांचे बाक माझ्या एकट्यावर सोपवले. दाजी जेवताना ताईला म्हणायला लागले, ह्यांना अजून वाढ. माणूस सुखावला की जीभ सैल सुटते. माझीही तशीच सुटली.

दुपारचे डबे आम्हा सगळ्यांना एका मेसमधून यायचे. एक माणूस गाडीवर भल्या मोठ्या पिशवीत डबे घेऊन यायचा आणि ते फाटकापासूनच खणखणत यायचे. तसाच आवाज आतही व्हायचा. आत जेवणाला जेवण म्हणत नाहीत, भत्ता म्हणतात. पातेली खणखणली की अख्खी बराक म्हणायची, चला, भत्ता आला. इतकी वर्षं मी ते दिवसातून दोनदा म्हटलेलं. त्या दिवशी मी वाकून फळीवर खूण करत होतो, बाहेर डबे वाजले आणि मी वर न बघताच मोठ्यानं म्हणालो, "चला, भत्ता आला!"

शेजारचा पॉलिशवाला लगेच उठला. "कुठंय भत्ता? शेव टाकून आणलाय का?"

आपल्याकडं भत्ता म्हणजे मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, शेव. बाजाराच्या दिवशी कागदाच्या पुड्यात मिळतो तो. सगळ्यांना तेच वाटलं. मी म्हणालो, "नाय रे, लई दिवसांत खाल्ला नाही, त्याचीच आठवण झाली." सगळे हसले. देव पावला असं वाटलं. मग माझी नजर काचेकडं गेली. बाईंच्या हातातलं पेन हवेतच थांबलं होतं आणि त्या सरळ माझ्याकडं बघत होत्या.

रात्री मी अर्ध्या ताटावरून उठलो. ताईनं विचारलं तर तिला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "तू लई भितोस. त्या बाईला काय ठावं आतली बोली? भत्ता म्हंजे भत्ता." दाजी भिंतीकडं तोंड करून पडले होते. झोपलेले नव्हते, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं.

दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. जाताना शहागंजच्या गाड्यावरून चांगला मोठा पुडा भत्ता बांधून घेतला. काल जे बोललो ते खरंच होतं, असं दिसायला नको का? जेवणानंतर पुडा मध्ये ठेवला, पोरं तुटून पडली. केबिनमध्ये नाही नेला तर वाईट दिसेल म्हणून एका कागदावर थोडा घेऊन आत गेलो. दाराशी थांबलो. दार उघडंच होतं.

"या," बाई म्हणाल्या.

मी कागद टेबलावर ठेवला. त्यांनी चिमूटभर मुरमुरे उचलले, हातात धरले, खाल्ले नाहीत. "म्हणजे काल तुम्ही ह्या भत्त्याबद्दल बोलत होतात," त्या म्हणाल्या.

"व्हय मॅडम."

"बरं. संध्याकाळी सगळे गेले की जरा थांबा. माझं काम आहे."

उरलेल्या दुपारी मी किती फळ्या वाया घालवल्या ते विचारू नका. पळून जावं असं मनात आलं. डबा आणि चपला तिथंच टाकून निघावं, ताईला सांगावं की जमलं नाही. मग दाजींचा चेहरा समोर यायचा. बाईंच्या पाया पडावं, असंही वाटलं. नंतर एकदम रागच आला. ह्यांच्या बापाचं मी काय खाल्लंय? शिक्षा भोगलीय मी, फुकट नाही सुटलो. राग आला तसा हात रंध्यावर घट्ट झाला, आणि तो घट्ट झालेला हात बघून मी सगळ्यात जास्त घाबरलो. रंधा खाली ठेवला आणि नळावर जाऊन तोंड धुतलं.

माणसं गेली. भाई नमाजाला गेले. मी केबिनमध्ये जाऊन उभा राहिलो.

"बसा," बाई म्हणाल्या. मी बसलो नाही. त्यांनी उठून दार लावून घेतलं तेव्हा मी दोन पावलं मागं सरलो. लागलेल्या दाराचं माझं तसं आहे. त्या परत खुर्चीत बसल्या, चष्मा काढला, दोरीशी चाळा करत राहिल्या. मग टेबलाकडं बघतच त्यांनी विचारलं,

"पोटभर देतात का हो?"

मला कळेना. "काय?"

"भत्ता. तिथे. पोटभर देतात का?"

बोलू की नको. हो म्हटलं तर संपलंच. मी कोण ते मीच सांगितल्यासारखं. मला काय माहीत, असं ओठावर आलं होतं. पण बाईंचे हात थरथरत होते. माझे थरथरतात तसेच. जाळीपलीकडच्या रांगेत असे हात मी खूप बघितलेत.

"कोण हाय आत?" मी विचारलं.

"मुलगा," त्या म्हणाल्या. "आठ महिने झाले. मित्रांच्या भांडणात एक जण गेला, हा तिथे होता. केस अजून उभी राहिलेली नाही. भेटायला गेलं की म्हणतो, आई, सगळं ठीक आहे, भत्ता वेळेवर मिळतो. त्यापलीकडे काही बोलतच नाही. मी विचारू कुणाला?"

बंगळूर हर्सूलला होतं. बँकही हर्सूलला होती. मी खुर्ची ओढून बसलो.

मी सांगितलं. डाळ पातळ असते, पोळी जाड असते, पण उपाशी नाही ठेवत. कँटीनमधून बिस्किटं घेता येतात. सुरुवातीचे दिवस कुणाशी नडायचं नाही, म्हाताऱ्या कैद्याच्या शेजारी अंथरूण टाकायचं. कारखान्यात काम मागून घ्यायचं, दिवस जातो. खोटं एकही सांगितलं नाही. काही गोष्टी सांगितल्याच नाहीत, हे खरं.

त्या ऐकत होत्या. शेवटी अगदी हळू म्हणाल्या, "त्याला लहानपणापासून अंधाराची भीती वाटते. रात्री दिवा असतो का?"

"दिवा मालवतच नाहीत, मॅडम," मी म्हणालो. "रातभर चालू असतो."

"खरंच?"

"खरंच. मला तर आता अंधारात झोपच लागत नाही."

त्यांना रडू आलं. मला वाटतं, बरं वाटून आलं. मी पायांकडं बघत बसलो. रडणं आवरल्यावर त्यांनी चष्मा पुसला, तो घातला आणि पुन्हा शाळेतल्या बाईंसारख्या झाल्या. "तुम्ही कुणाला बोलणार नाही."

"नाय मॅडम. आन् तुम्ही?"

"मी कशाला बोलेन?" मग जराशा थांबून म्हणाल्या, "आणि पुढच्या वेळी पुण्यात कुठे असं कुणी विचारलं, तर हडपसर म्हणा. येरवडा काय म्हणता."

भीती गेली म्हणून सांगितलं तर ते खोटं होईल. घरी जाताना रिक्षात मला वाटत होतं, आता एका माणसाला नक्की माहीत आहे. उद्या बाईंचं भाईंशी वाजलं, मुलगा सुटला, त्यांना माझी गरज उरली नाही, तर? रात्री दिव्याखाली डोळे उघडे ठेवून मी हेच उलटसुलट करत पडलो होतो. दाजी कूस बदलत म्हणाले, झोपा आता. मी झोपलो नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या जरा आधी पॉलिशवाल्यानं मला आवाज दिला, "काय मिस्त्री, आज भत्ता हाय का?" भाई तिथंच उभे होते. त्यांनी विचारलं, "ये भत्ता भत्ता क्या लगा रखा है दोन दिवसांपासून?" सांगायचं तर सोपं होतं, मुरमुरे म्हणायचं. एवढंही तोंडातून निघेना. भाई माझ्याकडं बघत होते आणि मी रंध्याकडं.

तेवढ्यात फाटकावर डबे खणखणले. मेसचा माणूस त्या दिवशी लवकर आला होता. काचेच्या केबिनमधून बाई बाहेर आल्या. कधी न येणाऱ्या. साडीचा पदर खोचून, त्या स्वच्छ आवाजात, सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "चला रे, हात धुवा. भत्ता आला."

पोरं हसायला लागली. भाईही हसले. "मॅडम, तुम्ही पण?" म्हणाले आणि हात धुवायला नळाकडं गेले.