पिशवीतला केसपेपर

बारा वर्षं मी केसपेपरच्या खिडकीत बसले. दवाखाना सरकारी, आमच्या नंदुरबार जिल्ह्यातला. माझा स्वभाव तिरसट, हे घरचेही सांगतील. रांगेत घुसणाऱ्याला मी पुढाऱ्याचा माणूस असला तरी मागे धाडत असे, आणि नियमाला धरून चालणारी बाई म्हणून माझा मला अभिमान होता. या अभिमानापायी एका पोरीचं नुकसान झालं, ते सांगते.

तेव्हा केसपेपरला, रक्त तपासायला, सोनोग्राफीला थोडेफार पैसे पडायचे. ज्याला माफ असतील त्याच्या केसपेपरवर माफीचं कारण लाल शाईनं लिहायचं आणि तेच आमच्या रजिस्टरमध्ये उतरवायचं. केसपेपर पेशंटकडेच राहायचा. पिवळं रेशनकार्ड असलं की माफ. बलात्कार झालेल्या बाईचा तर सगळाच उपचार फुकट, तिच्याकडे कुठलंही कार्ड असो वा नसो, हा कायदा आहे. पण आमच्याकडे हे दुसरं कारण कधी कोणी लिहीत नसे. अशी बाई आली की पिवळं कार्ड मागायचं आणि तेच लिहून मोकळं व्हायचं.

एकदा अशीच एक बाई आली तेव्हा एचआयव्ही होऊ नये म्हणून ज्या गोळ्या तीन दिवसांच्या आत सुरू कराव्या लागतात, त्या स्टोअरमध्ये नव्हत्या. मी स्टोअरकीपरशी भांडायला गेले. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, अशा केसेस आपल्याकडे येतात कुठे? तुमच्याच रजिस्टरमध्ये एक दाखवा, मी आज मागणी पाठवतो." मी रजिस्टर चाळलं. एकही नव्हती. त्या बाईला चिठ्ठी देऊन धुळ्याला पाठवलं. ती पोचली की नाही, हे आम्हाला कधी कळलं नाही.

मला इतका संताप आला की रात्री जेवण गेलं नाही. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, मग सरकार कशाला पाजेल? मी ठरवलं, यापुढे खरं कारण लिहायचं. भांडून भांडून एका माणसाला पुरतील एवढ्या गोळ्या मागवूनही ठेवल्या.

महिन्याभरानं एक बाई तिच्या एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन आली. आई मिरचीच्या पथारीवर कामाला जाणारी. वाळत घातलेल्या मिरच्यांत दिवसभर बसून तिच्या लुगड्याला मिरचीचा असा तिखट खाट होता की खिडकीच्या अलीकडे मला ठसका लागला. नर्सनं आतून येऊन माझ्या कानात काय झालं ते सांगितलं. पोलिसांत जायचं नाही असं मुलगी म्हणत होती. ती सज्ञान होती, डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिला नर्सिंगला जायचं होतं, फॉर्म भरायचा बाकी होता, एवढं आईनंच बोलता बोलता सांगितलं.

आईनं कमरेची प्लास्टिकची पिशवी सोडून अख्खीच माझ्यापुढे ठेवली. आमच्या भागात ज्यांना वाचता येत नाही त्यांची ही रीत आहे. रेशनकार्ड, आधार, जातीचा दाखला, लाईटबिल, सगळं एका पिशवीत, आणि समोर जो कोणी शिकलेला बसला असेल त्याच्या हाती पिशवी द्यायची. त्यानं हवा तो कागद काढून घ्यावा. पिवळं कार्ड वरच होतं.

"पिवळं कार्ड शे ताई," ती म्हणाली.

"ऱ्हाऊ दे. त्यानी गरज नही," मी म्हटलं. "गरीब शे म्हनीसन नही, तुन्ही पोरना हक्क शे म्हनीसन फुकट शे."

मी लाल पेन उचललं आणि माफीच्या रकान्यात लिहिलं: लैंगिक अत्याचार, सर्व उपचार मोफत.

"काय लिखी ऱ्हायन्यात?" तिनं विचारलं.

"पैसा लागाव नहीत, ते लिखी ऱ्हायनू."

खोटं नव्हतं ते. पण सगळं सांगितलंही नाही. केसपेपर घडी घालून मी तिच्या पिशवीत ठेवला, पिवळ्या कार्डाच्या शेजारी. त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं, हे कबूल करते. पोरीला महिनाभर घ्यायच्या गोळ्या मिळाल्या, इंजेक्शन मिळालं, आणि तीन महिन्यांनी परत रक्त तपासायला या असं नर्सनं दोनदा बजावलं.

तीन महिन्यांनी आई आली. एकटीच. रांगेत उभी राहिली नाही, गर्दी ओसरेपर्यंत नळाजवळ बसून राहिली आणि मग खिडकीशी आली.

पंधरा दिवसांतच ती पोरीच्या नर्सिंगच्या फॉर्मसाठी गावातल्या सेतू केंद्रात गेली होती. रीतीप्रमाणे अख्खी पिशवी तिथं फॉर्म भरणाऱ्या माणसापुढे ठेवली. तो उत्पन्नाचा दाखला शोधत होता. लाल अक्षरं दिसली म्हणून त्यानं तो कागद उघडला.

"समदासमोर इचारं त्यानी, हाई काय शे? सात-आठ मानसं व्हतीत," ती सांगत होती. आवाज चढलेला नव्हता. "तुम्हनं अक्षर साफ शे ताई. त्याले वाचाले काही अडचण नही पडनी."

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. फॉर्म भरलाच गेला नाही. पोरीनं उरलेल्या गोळ्या चुलीत टाकल्या आणि आठ दिवसांत मावशीबरोबर सुरतला निघून गेली, साड्यांना खडे चिकटवायच्या कामाला. परत यायचं नाव काढत नव्हती.

मी म्हटलं, मन्हं चुकनं. तिनं बाही वर सरकवली आणि हात खिडकीतून आत घातला. मिरचीनं बोटं भेगाळली होती.

"मन्हं रगत लई ल्या," ती म्हणाली. "तिन्हं तपासनं शे ना? ती मन्हाच पोटनी शे. रगत एकच शे ना आमनं."

मी तिला समजावून सांगितलं की असं चालत नाही, पोरीचंच रक्त लागतं. ती ऐकत होती, पण हात तिनं लगेच मागे घेतला नाही. मी सांगितलं की सुरतलाही सरकारी दवाखाना आहे, तिथंही तपासतात, तिथंही फुकट आहे.

"तठे बी कागद काढतीन?"

"काढतीन."

"त्यावर बी लिखतीन?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, माहीत नाही. तिनं पिशवी कमरेला खोचली आणि पथारीवर जायला उशीर होतोय म्हणून गेली.

पुढच्या वर्षी स्टोअरमध्ये त्या गोळ्या आल्या. मागणीला माझ्या रजिस्टरमधली नोंद जोडली होती, स्टोअरकीपरनं ती मुद्दाम येऊन मला दाखवली. त्या गोळ्या नंतर दोन बायकांच्या अगदी वेळेवर कामी आल्या. मी रजिस्टरमध्ये खरं लिहिलं आणि त्यांच्या केसपेपरवर पिवळं कार्ड. इतकं साधं होतं ते. हे त्या दिवशी सुचलं असतं तर, असं माझ्या मनात किती वेळा येतं, आणि आलं की स्वतःचाच राग येतो.

आता केसपेपर सगळ्यांनाच फुकट झाला आहे, कोणी कारण विचारत नाही. ती बाई अजून मिरचीच्या पथारीवर जाते, बाजारात दिसली तर मान हलवते. पोरगी सुरतलाच आहे, आणि तिचं रक्त अजून कुणी तपासलेलं नाही.