जगात एकच असलेली खुर्ची

हात थरथरायला लागल्यावर म्हाताऱ्या सुताराने काम सोडलं होतं. एका दुपारी सून मोबाइल घेऊन आली.

"बाबा, ही झुलती खुर्ची तुमच्यासाठी घेऊ? मातीमोल भावात मिळतेय. पैसे मात्र आधी भरायचेत."

त्याने चष्मा पुसून फोटो पाहिला. खुर्चीच्या डाव्या हातावर लाकडाची गाठ होती. "अगं, ही मीच केलीय, ताईसाठी. अशी दुसरी नाहीच."

सुनेने आत्याबाईंना फोन लावला. खुर्ची त्यांच्या गॅलरीतच होती. त्यांनी हौसेने इंटरनेटवर टाकलेला फोटो कुणीतरी उचलून खोटं दुकान थाटलं होतं. सुनेने पैसे न भरता तक्रार नोंदवली.

म्हातारा मात्र फोटोखालचे अभिप्राय वाचत बसला. खुर्चीची तोंडभरून स्तुती होती. सगळी थाप आहे हे कळूनही त्याला बरं वाटलं.