ओढणीची गाठ

मी मूळची औंधची. साताऱ्याला विशेष शिक्षणाची पदविका घेतली आणि पहिली नोकरी लागली ती कडेगावच्या बाजूला, मतिमंद मुलांच्या एका लहानशा शाळेत. तीन खोल्या, पुढं पत्र्याचा व्हरांडा, व्हरांड्यापुढं थोडं मैदान, बिनकडीचं फाटक आणि लगेच रस्ता. माझ्या वर्गात आठ मुलं होती. मदतीला एक मावशी होत्या. मुलांना शी-शूला नेणं, भरवणं, कपडे बदलणं हे सगळं त्या करायच्या. त्यांचे मालक फौजेत होते, ते गेल्यावर त्या इथं कामाला लागल्या होत्या. वयानं माझ्या आईएवढ्या, पण मला ‘बाई’ म्हणायच्या आणि मी सांगेन ते करायच्या.

त्या आठांत एक मुलगी होती, अकरा वर्षांची. ती बोलत नसे. एकही शब्द नाही. भूक लागली तर डब्याकडं बघायची, नको असेल तर पाठ फिरवायची. तिचं गाव शाळेपासून चार-पाच किलोमीटरवर. वडील फौजेत, लांब कुठंतरी सरहद्दीवर. ऊस, जनावरं आणि ही लेक असं सगळं तिची आई एकटी सांभाळायची. रोज सकाळी स्कूटीवर पुढं उभी करून ती तिला आणून सोडायची आणि चारला न्यायला यायची.

मुलगी पळायची. म्हणजे अगदी वाऱ्यासारखी. जेवणं झाली की पंधरा-वीस मिनिटांत कधीतरी ती उठायची आणि दारातून थेट रस्त्यावर. गळिताचा हंगाम सुरू झाला की त्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, त्यावर लावलेली गाणी, ड्रायव्हरला मागचं काही ऐकू येत नाही. एकदा ती अशीच पळाली आणि मावशींनी तिला ट्रॅक्टरच्या चाकापासून हातभर अंतरावर धरलं. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही. डोळ्यापुढून ते चाक हलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर मी तिला खुर्चीवर बसवलं, माझी ओढणी तिच्या कमरेभोवती घेतली आणि खुर्चीच्या पाठीमागं गाठ मारली. हाताची पाच बोटं दाखवून म्हटलं, “पाच मिनिटं हं.” डोक्यावर दोनदा थोपटलं. तिनं धडपड केली नाही. मला हायसं वाटलं. आज ती सुरक्षित आहे, असं मी स्वतःला सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

मग ते रोजचं झालं. ओढणी खुंटीवर कायमची टांगलेली राहू लागली. कधी तिला घाईच्या वेळी बांधलं, कधी मला वह्या पूर्ण करायच्या होत्या म्हणून, कधी फोन आला म्हणून. मावशी एक-दोनदा दारात थांबल्या, काही बोलतील असं वाटलं, पण मी त्यांच्याकडं बघितलं की त्या बादली उचलून निघून जायच्या. मुख्याध्यापकांच्या खोलीतून माझा वर्ग दिसत नव्हता. वर्गाचं दार लोटून घेतलेलं असायचं. लोटायचं कारण तेच, मुलगी पळू नये.

एका सोमवारी सकाळी तिच्या आईनं स्कूटी लावली आणि मला बाजूला घेतलं. आवाज चढलेला नव्हता. काल अंघोळ घालताना पोरीच्या पोटावर आडवा वळ दिसला, असं ती म्हणाली. “बाई, ह्ये कशाचं हाय वो?”

मी म्हटलं, सलवारीची नाडी करकचून बांधली गेली असेल. किती सहज म्हटलं मी. तिनं मान हलवली. “आसंल,” म्हणाली आणि गेली. मुलगी तिथंच आमच्या दोघींच्या मध्ये उभी होती. आईकडं बघत होती, मग माझ्याकडं.

मंगळवारी जेवणं झाली. मावशी भांडी आत ठेवत होत्या. मी खुंटीकडं वळले तर ओढणी तिथं नव्हती. मुलीच्या हातात होती. तिनं माझा हात धरला. तिनं आपणहून कुणाचा हात धरल्याचं मी तोवर पाहिलं नव्हतं. मला ती खुर्चीपाशी घेऊन गेली आणि खांद्यावर दाबून खाली बसवलं. मला वाटलं, खेळ आहे. मी हसले.

तिनं ओढणी माझ्या कमरेभोवती घेतली. मग ती खुर्चीच्या मागं गेली. मागं तिचे हात चालत असलेले मला जाणवत होते. ओढणी ओढली जायची, सैल व्हायची, परत ओढली जायची. वर्षभर मी तिला लाकडी फळीवर बुटाची नाडी बांधायला शिकवत होते. तिच्या प्रगतीच्या तक्त्यात ‘गाठ मारणे’ या रकान्यापुढं मी दर तीन महिन्यांनी एकच शेरा लिहिला होता, जमत नाही. त्या दिवशी माझ्या पाठीमागं तिनं गाठ मारली. घट्ट. ती गाठ तिनं आधी पाहिलेलीही नव्हती, कारण मी मारायचे ती तिच्या पाठीमागंच असायची.

मग ती पुढं आली. माझ्यासमोर हात धरला आणि पाच बोटं दाखवली. माझ्या डोक्यावर दोनदा थोपटलं.

मी आजपर्यंत खूप मुलं पाहिली, पण त्या क्षणासारखं काही पाहिलं नाही. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सूड नव्हता. ती मला सांगत होती. दोन महिने रोज घडलेली गोष्ट तिनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक हालचाल न चुकवता, माझ्यापुढं मांडली होती. जिला काही कळत नाही असं आम्ही अहवालात लिहीत होतो, तिनं सगळं जपून ठेवलं होतं, माझी बोटंसुद्धा. देवीच्या गाभाऱ्यात शिरताना लहानपणी जसं आपोआप गप्प व्हायला व्हायचं, तसं झालं मला. मी हात लावून गाठ सोडवू शकले असते. सोडवावीशी वाटली नाही. मुलगी माझ्या टेबलापाशी जाऊन बसली. तिनं माझी वही उघडली, पान उलटलं. मावशी दारात हातात ताट घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

किती वेळ गेला कळलं नाही. कंबर अवघडली. नाकाला खाज आली आणि ती खाजवली तेव्हा लक्षात आलं की माझे हात तरी मोकळे आहेत, पण उठता येत नाही ही एवढीच गोष्ट किती मोठी असते. शेवटी ती आली. गाठ सोडवायला तिला मारण्यापेक्षा जास्त वेळ लागला. सोडवली, ओढणी खुंटीला लावली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

मी तशीच मुख्याध्यापकांकडं गेले आणि सगळं सांगितलं. सोमवारी तिच्या आईशी खोटं बोलले, तेही सांगितलं. सर वयस्क, मनानं वाईट मुळीच नव्हते. ते म्हणाले, शाळा नवी आहे, मान्यतेचा प्रश्न आहे, हेतू वाईट नव्हता, आईला बोलावून समजावू, इथंच मिटवू. मी म्हटलं, मला ते लिहून द्यायचंय. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बाई, एकदा लिहिलंत की मागं घेता यायचं नाही.”

मी लिहिलं. अक्षर माझं वाटत नव्हतं. खाली सही केली. बाहेर आले तर मावशी थांबल्या होत्या. त्या सरांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, “मी बी बगत हुते. माजं बी नाव लिवा.” सरांनी आमच्या दोघींकडं पाहिलं आणि तो कागद सांगलीच्या समाजकल्याण कार्यालयाला पाठवतो म्हणाले. त्यांनी पाठवलाही. पुढं पुष्कळ जणांनी त्यांना मूर्खात काढलं.

मुलीच्या आईकडं आम्ही त्याच दुपारी गेलो, सर आणि मी. ती अंगणात भुईमुगाच्या शेंगा तोडत बसली होती. तिनं पोतं अंथरलं, पाणी दिलं. मी सांगत गेले. तिचे हात शेंगा तोडतच होते. मी सांगून संपवलं, तरी तोडतच होती. मग थांबली. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“माजी लेक बोलत न्हाई, म्हणून तुमच्याकडं सोडली,” ती म्हणाली. “तुमाला बोलता येतंय. आन् तुमी खोटं बोललासा.”

एवढंच. ती उठून घरात गेली आणि परत बाहेर आली नाही. पोरीला तिनं दुसऱ्या दिवसापासून शाळेत पाठवलं नाही.

सांगलीहून दोन अधिकारी आले, एक गृहस्थ आणि एक बाई. वर्ग पाहिला, दार पाहिलं, खुर्ची पाहिली. त्या बाईंनी मला विचारलं, रोज किती वेळ बांधायचात? मी म्हटलं, दहा-पंधरा मिनिटं. मी मुद्दाम खोटं सांगत नव्हते. मला खरोखरच तसं वाटत होतं. मागं बसलेल्या मावशी हळूच म्हणाल्या, “आवं बाई, अर्धा तास तर आसायचाच. कवा कवा जास्तीच.” अधिकारी बाईंनी माझ्या आकड्यावर रेघ मारून मावशींचा लिहिला.

मग त्यांनी मावशींना विचारलं, मुलगी पळते ती कशानं? इतक्या महिन्यांत हा प्रश्न मावशींना कुणी विचारलाच नव्हता. मी तर नाहीच. मावशी म्हणाल्या, “घंटेनं. तिला आवाज सोसत न्हाई. जेवणाची सुट्टी सपली की ती घंटा हुती न्हवं, त्या आंगाला ती थांबत न्हाई. इकडनं पळती, म्हंजी रस्त्याकडं जाती.” आमच्या शाळेची घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा होता, माझ्या वर्गाच्या खिडकीबाहेरच टांगलेला. लोखंडी गजानं बडवायचे. आम्हा सगळ्यांच्या कानाला त्याची सवय झाली होती. ती रस्त्याकडं पळत नव्हती. घंटेपासून पळत होती.

तीन महिने मला वर्ग दिला नाही. लेखी ताकीद मिळाली, ती माझ्या सेवापुस्तकात आजही आहे. त्या दिवसांत मी कार्यालयात बसून जुने कागद लावायचे आणि वर्गात नवं काय होतंय ते लांबून बघायचे. रुळाचा तुकडा काढला. माझ्या वर्गाच्या दाराला वरच्या अर्ध्या भागात काच बसवली. एका वर्गात एकटं मोठं माणूस कधीच राहायचं नाही असं ठरलं. फाटकाला कडी आली, तीन हजार वेळा मागूनही जी येत नव्हती. सकाळी मूल आलं की अंगावर काही खूण, ओरखडा, वळ आहे का ते आईसमोर बघायचं आणि वहीत लिहायचं, संध्याकाळी परत बघायचं. आणि मावशींना दर शनिवारच्या बैठकीत खुर्ची मिळाली, सरांच्या शेजारी. पहिल्या दिवशी त्या खुर्चीच्या कडेवरच बसल्या होत्या.

दिवाळीनंतर तिची आई आली. पोरीला घेऊन. सरांना म्हणाली, शाळेत घालते, पण मी कवाबी येणार, सांगून येणार न्हाई, आणि वर्गात बसणार. सर म्हणाले, बसा. मग तिनं माझ्याकडं बोट केलं आणि सांगितलं की पोरगी ह्या बाईंच्याच वर्गात पाहिजे. सरांना कळेना. मलाही कळेना. मी धीर करून विचारलं, माझ्याच का?

ती जरा वेळ पोरीचे केस सारखे करत राहिली. मग म्हणाली, “आता तुमाला ठावं हाय, ती सांगती ते.”

मी त्या बाईकडं बघत राहिले. चौथी शिकलेली, उन्हानं रापलेली, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. तिनं मला माफ केलं असं ती कधीच म्हणाली नाही, आणि मला वाटतं केलंही नसेल. पण तिनं लेक परत माझ्या हाती दिली. एवढं मोठं मन कसं असतं माणसाचं, याचा मला अजून पत्ता लागलेला नाही.

ती खरंच यायची. कधी आठवड्यातून दोनदा, कधी पंधरा दिवसांनी, कधी सकाळी, कधी ऐन जेवणाच्या वेळी. येऊन भिंतीला टेकून चटईवर बसायची आणि बघायची. सुरुवातीचे कित्येक महिने तिची नजर माझ्या हातांवर असायची. मला ते जाचायचं, आणि मी जाचू दिलं. मुलगी अजूनही कधीतरी पळायची. घंटा गेली तरी दुसरे आवाज होतेच, ट्रॅक्टर होते, फटाके होते. पण आता पळाली की बाकीच्यांना शेजारच्या वर्गात सोपवून मी आणि मावशी मागं जायचो, एकीनं फाटक बघायचं, दुसरीनं तिच्यासोबत चालायचं, दमेपर्यंत. पोटभर चालून झालं की ती आपणहून परत यायची.

दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात एकदा आई दुपारची आली. गावाकडं उसाला पाणी द्यायची घाई चालली होती, पहाटेपासून रानात होती, पायाला चिखल तसाच होता. नेहमीप्रमाणं चटईवर बसली. मुलं रंगीत मणी ओवत होती, मी आणि मावशी त्यांच्यात फिरत होतो. थोड्या वेळानं मावशींनी मला खूण केली. मी वळून पाहिलं. आईची मान भिंतीवर कललेली, तोंड किंचित उघडं, आणि ती गाढ झोपली होती. मी मुलांना ओठांवर बोट ठेवून दाखवलं. वर्गात आवाज असा उरलाच नाही, फक्त मणी वाटीत पडल्याचा. तासभर ती झोपली होती आणि तासभर आम्ही दोघी चवड्यांवर चालत होतो.