खिडकी लावायला येणारा माणूस

या हॉटेलात खोल्या सहा. समुद्र दिसतो तो फक्त वरच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीतून. बाकीच्या खोल्यांतून नारळाची झाडं, शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे आणि स्कूटर दुरुस्तीचं दुकान दिसतं. तरी लोक खूश होऊन जातात. भाडं परवडणारं आहे, फरशी जुन्या नक्षीची आहे, अंगणात दोन झाडांमध्ये झोळी टांगलेली आहे आणि नाश्त्याची अंडी मालकीण स्वतः करून देते. वेबसाइटवर याला ‘बुटीक हॉटेल’ म्हटलंय.

“बुटीक म्हणजे खोली लहान आणि कौतुक मोठं,” असं मालकिणीचे वडील म्हणायचे.

हॉटेल होण्याआधी हे त्यांचं घर होतं. ते होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचे. सगळं गाव त्यांना ‘फिटर’ म्हणतं, अजूनही. वरची कोपऱ्यातली खोली त्यांनी लग्नानंतर स्वतः बांधली. बायको गेल्यावर थोरली मुलगी शहरातली नोकरी सोडून परत आली आणि तिनं घराचं हॉटेल करायचं ठरवलं. तेव्हा फिटर आपणहून स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहायला गेले. मुलगी संकोचली, तर म्हणाले, “समुद्र मला पाठ आहे. नवीन लोकांना बघू दे.”

खोल्या आवरणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. दुपारच्या चहाला फिटर आणि मावशी अंगणात बसायचे आणि फिटर फोनवर हॉटेलबद्दल लोकांनी लिहिलेले अभिप्राय मोठ्यानं वाचून दाखवायचे. कुणी चादरींची तारीफ केली की म्हणायचे, “घ्या मावशी, परदेशापर्यंत नाव पोचलं तुमचं.” मावशी म्हणायच्या, “नाव पोचतंय, मी मात्र जिन्यावरच.” मालकीण आतून ओरडायची, “बाबा, ‘पाहुणे’ नका म्हणू, ‘गेस्ट’ म्हणा. पाहुणे म्हटलं की बिल मागताना जीभ अडखळते माझी.”

संध्याकाळी तिथला वारा फिरतो. दिवसभर किनाऱ्याच्या कडेनं वाहणारा वारा सरळ समुद्राकडून यायला लागतो आणि कोपऱ्यातल्या खोलीची खिडकी उघडी राहिली तर सकाळपर्यंत गादी ओलसर, पंख्याला गंज. त्या खिडकीची झडप जड आहे, सहज लागत नाही. फिटर आयुष्यभर रोज वारा फिरला की ती लावत आले होते. खोली गेस्टची झाली, तरी त्या खोलीची किल्ली त्यांच्या जुडग्यात राहिली आणि पायांची सवयही राहिली. मुलीनं एकदोनदा सांगितलं होतं, “बाबा, मावशी लावतील.” पण मावशी चारलाच घरी जातात. आत कुणी असलं तर फिटर “वारा फिरलाय” एवढंच म्हणायचे आणि झडप लावून निघून यायचे. बहुतेक गेस्ट हसून सोडून द्यायचे.

एका बाईंनी सोडून दिलं नाही. त्या अंघोळ करून बाहेर आल्या, तर खोलीत एक म्हातारा त्यांच्याकडे पाठ करून खिडकीशी झटापट करत होता. त्यांनी लिहिलं की हॉटेल छान आहे, पण अनोळखी माणूस कुलूप उघडून आत येतो आणि याला सुरक्षित म्हणता येणार नाही. तक्रार खोटी नव्हती.

मालकिणीनं ती सकाळी तव्यापाशी उभ्याउभ्या वाचली. सुट्ट्यांचा हंगाम तोंडावर होता. वडिलांना जाऊन बोलणं तिला जड गेलं असतं. उत्तर लिहिणं सोपं होतं. एका हातात उलथनं धरून तिनं लिहिलं, “आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत. सदर व्यक्तीचा हॉटेलशी काहीही संबंध नाही. तिला यापुढे आवारात प्रवेश दिला जाणार नाही.” मग तिनं कुलूपवाल्याला बोलावून त्या खोलीचं कुलूप बदलून घेतलं. अभिप्राय दुपारी कोण वाचतं, हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

मावशी सांगतात, “नेहमीसारखं वाचायला लागले. तक्रार वाचली. तिथं हसलेसुद्धा, म्हणाले, ‘बाई घाबरली बिचारी, माफी मागायला पाहिजे.’ मग खालचं उत्तर वाचलं, शेवटपर्यंत, खणखणीत आवाजात. चष्मा काढून खिशात ठेवला. चहा तसाच.”

दुसऱ्या दिवशी फिटर एक पिशवी आणि हत्यारांची पेटी घेऊन धाकट्या मुलीकडे निघाले. तिचं गाव समुद्रापासून लांब आहे. “दमट हवा गुडघ्यांना सोसत नाही,” असं कारण त्यांनी दिलं. मालकिणीनं ते खरं मानलं. मावशींनी दोन दिवसांनी तिला झापलं तेव्हा तिला कळलं. तिनं उत्तर काढून टाकलं आणि फोन केला.

“बाबा, तसं लिहावं लागतं हो. सगळीच हॉटेलं लिहितात.”

“हो, हो. चांगलं लिहिलंयस.”

“बाबा, तुमच्यासाठी नव्हतं ते.”

“माझ्याबद्दल होतं, एवढंच.”

“परत कधी येताय?”

“बघू.”

हंगाम आला आणि गेला. कोपऱ्यातली खिडकी मावशी आता चारला घरी जातानाच लावून जायच्या. ती दर रविवारी तेच विचारायची आणि तेच उत्तर यायचं. मग एका सकाळी वेबसाइटवरून बुकिंग आलं. कोपऱ्यातली खोली, एक माणूस, एक रात्र. नाव वडिलांचं. तिनं धाकटीला फोन लावला.

“ताई, मी नाही केलं,” धाकटी म्हणाली. “स्वतःच करत बसले होते. मला वाटलं, तुला सांगितलं असेल.”

“राहायला येतायत का गं?”

“पिशवी तर छोटीच भरलीय.”

मालकिणीनं तरी आशा धरली. मागची खोली झाडून घेतली. मग विचार बदलला आणि कोपऱ्यातली खोलीच वेबसाइटवरून काढून टाकली. बाबा आले की सांगायचं, ही पुन्हा तुमची.

फिटर दुपारी आले. रजिस्टर मागून सही केली. “अहो बाबा, हे काय,” ती म्हणाली, तर म्हणाले, “गेस्ट आहे मी. पाहुणा असतो तर केली नसती.” पिशवी तिला उचलू दिली नाही. मावशी जिन्यात भेटल्या. “फिटर, गुडघे काय म्हणतायत?” “मावशी, गेस्टला असलं विचारत नाहीत. टॉवेल द्या.”

संध्याकाळी वारा फिरला. मालकीण अंगणात उभी राहून वर बघत होती. खिडकी उघडीच होती. थोड्या वेळानं रिसेप्शनचा फोन वाजला.

“वारा फिरलाय. खिडकी लावायला कुणी येतं का इथं?”

ती वर गेली. दार वाजवलं. फिटर खुर्चीत बसून होते, उठले नाहीत. तिनं झडप ओढली, ती हलेना. इतक्या वर्षांत तिनं ती कधी लावलीच नव्हती.

“ओढू नकोस. खालून उचल. गुडघा लाव. हं, आता ढकल.”

झडप लागली. तिच्या हाताला गंज लागला होता. पाठ वळवलेलीच ठेवून ती म्हणाली, “बाबा, ही खोली मी साइटवरून काढलीय. तुमचीच आहे. परत या.”

“काढू नकोस. हॉटेलातली हीच एक खोली दाखवण्यासारखी आहे.”

“माझं चुकलं, बाबा.”

“कळलं मला,” ते म्हणाले. “सकाळची बस आहे. अंडी मऊ ठेव.”

ते सकाळी गेले. दोन दिवसांनी त्यांचा अभिप्राय आला. “खोली स्वच्छ. नाश्ता वेळेवर. खिडकी लावायला बोलावलं की माणूस येतो.” तारे पाचपैकी चार. मावशींना तो मालकिणीनंच वाचून दाखवला.

“एक कशाचा कापला, विचारा की,” मावशी म्हणाल्या.

तिनं रविवारी विचारलं.

“झडपेची खालची फळी फुगलीय,” फिटर म्हणाले. “सुताराला बोलावून रंधा मारून घे.”

“तुम्हीच या ना. पेटी घेऊन.”

“बघू,” ते म्हणाले.

प्रत्येक अभिप्रायाला हॉटेलकडून त्याच दिवशी उत्तर जातं. या एकाखाली जागा रिकामी आहे. कोपऱ्यातली खोली पुन्हा भाड्यानं जाते. वारा फिरला की मालकीण दार वाजवते, गेस्टची परवानगी घेते आणि गुडघा लावून झडप ढकलते. काही जणांना याचं अप्रूप वाटतं, काही जण वैतागतात आणि विचारतात की ही खिडकी दुरुस्त का करून घेत नाही.

सुतार रस्त्याच्या पलीकडेच राहतो. तिनं त्याला अजून बोलावलेलं नाही.