मथुराक्काची वेस

तारिहाळच्या वाटेवर, हुबळी जिथं संपायची तिथं, काळ्या दगडाची एक जुनी वेस उभी होती. तट कधीच ढासळून गेला होता, उरली होती ती एवढी एक कमान. कानडी माणसं तिला अगसी म्हणत. निपाणीची मथुरा लग्न होऊन याच वेशीतून सासरी आली आणि ऐन तारुण्यात तिचा नवरा विषमज्वरानं गेला.

घर कासाराचं. दीर दत्तात्रेय म्हणाला, "वहिनी, माहेरी जा. विधवेच्या हातून बांगड्या कोण भरून घेणार?"

मथुरा गेली नाही. बांगड्यांची पाटी घेऊन ती वेशीच्या सावलीत बसली. बायका यायच्या, रंग बघायच्या आणि पुढं निघून जायच्या. मग एक दिवस कौसल्या नावाची शेतकऱ्याची सून आली. पोटुशी होती. तिनं सरळ मनगट पुढं केलं. "भर की गं अक्का. बघत काय बसलीस?" सासू मागून ओरडत होती, तरी कौसल्या हात भरूनच उठली. पुढं तिला गुटगुटीत मुलगी झाली आणि मथुराची पाटी रोज रिकामी होऊ लागली. काही वर्षांत तिनं वेशीला लागूनच स्वतःचं पक्कं दुकान बांधलं. दाराला निळा रंगही स्वतःच दिला.

अठ्ठ्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात रस्ता रुंद करायचं निघालं. कारखान्यांचे ट्रक कमानीत अडकत होते. एक इंजिनिअर माणसं घेऊन आला आणि दगडावर चुन्यानं फुल्या मारू लागला.

मथुरा दुकानातून उठून आली. "साहेब, हिला बगल देऊन रस्ता नाही का नेता येणार?"

इंजिनिअर माणूस भला होता. तो म्हणाला, "मलाही पाडावीशी वाटत नाही, बाई. पण एका अंगाला विहीर आहे, दुसऱ्या अंगाला तुमचं दुकान. रस्ता नेऊ कुठून?"

मथुरानं वळून निळ्या दाराकडं पाहिलं. मग ती म्हणाली, "तर मग दुकान पाडा."

दत्तात्रेय धावत आला. "खुळी झालीस काय? दगडापायी तोंडचा घास घालवतेस!"

"भावजी, सगळ्यांनी जा म्हटलं तेव्हा मी हिच्याच सावलीत बसले. आता मी कशी गप्प बसू?"

इंजिनिअरनं नकाशा बदलून वर पाठवला. मंजुरी आली, त्या दिवशी मथुरानं स्वतःच कपाटं रिकामी केली. भिंत पडली तेव्हा तिचे डोळे भरून आले. पण मान खाली गेली नाही. आठवडाभरात वस्तीतल्या गड्यांनी रस्त्यापलीकडं तिला नवं छप्पर उभारून दिलं. दत्तात्रेय कौलं वाहत होता, वहिनीकडं न बघता.

जेठातली कारहुणवी आली, म्हणजे आपल्याकडचा बेंदूर. वेशीला कडुनिंबाचं तोरण, म्हणजे कर, बांधायचं, बैल उधळत आणायचे आणि त्यांनी ते तोडायचं. तोरण बांधायचा मान गावच्या गौडांचा, म्हणजे पाटलांचा. त्या दिवशी म्हातारे अप्पाजी गौड काठी टेकत मथुराच्या दारी आले.

"अक्का, चल. कर तू बांधायची."

"मी? अहो, मी ही अशी..."

"अशी म्हणजे कशी? अगसी कुणामुळं उभी आहे?"

शिडी लागली. खाली कौसल्या आणि तिची मुलगी शिडी धरून उभ्या राहिल्या. सगळ्या वस्तीसमोर मथुरानं तोरणाची गाठ मारली आणि हलगी कडाडली.

"भाळ चलो आत, अक्का!" फार छान झालं, अशी आरोळी उठली. गुलालानं माखलेले बैल धुरळा उडवत कमानीत घुसले. पांढऱ्या खोंडानं झेप घेऊन तोरण तोडलं, पाला सगळ्यांच्या डोक्यावर उडाला आणि भर गर्दीत मथुरा पोटभर हसली.