लिव्होर्नोला स्वस्तात कुठे उतरावं

मी लिव्होर्नोला कधीही गेलो नाही. पण तिथे स्वस्तात कुठे उतरावं, हे श्रीमंत पेशव्यांच्या अख्ख्या पुण्यात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

लिव्होर्नो हे इताली नावाच्या फिरंगी मुलखातलं बंदर. तिकडून पोवळी गलबतात बसून गोव्याला येतात आणि तिथून बैलाच्या पाठीवर बसून घाट चढतात. मी रविवार पेठेत माणिकशेठच्या पेढीवर कारकून होतो आणि आमची पेढी पोवळ्यांचीच. गोव्याचे दलाल चांगल्या मालात फुटका माल खपवत. एकदा अशीच एक खेप उघडल्यावर शेठ रागाने गादीवरून उठून उभे राहिले. (हे सांगायचं कारण, एरवी त्यांना उभं करायला दोन माणसं लागत.)

"बास झालं! आता आपला माणूस थेट लिव्होर्नोला जाईल आणि स्वतःच्या हाताने माल निवडून आणील. बोला, कोण जातो?"

सगळ्या पेढीने माना खाली घातल्या. नेमका त्याच वेळी पाणक्या मागच्या दारातून विचारत होता, "पाणी कुणाला?" मी हात उंच करून ओरडलो, "मला! मला!"

"शाबास, विसाजीपंत!" शेठ म्हणाले.

मी खुलासा करणारच होतो. पण बाकीचे कारकून माझ्याकडे इतक्या आदराने बघायला लागले, की म्हटलं, पाणी पिऊन सांगू. पाणी पिऊन होईपर्यंत शेठनी माझ्या खांद्यावर शेलासुद्धा घातला होता! अंगावर शेला असताना नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

"एकच अट," शेठ म्हणाले. "तिकडे जाऊन चैन नको. उतरायचं ते स्वस्तात. कुठे आणि कसं, ते आधी नीट ठरवा आणि मला सांगा. मगच गलबताचं बघू."

घरी आत्याने पहिला प्रश्न विचारला. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. तिचं सासर धायरीचं, आणि जगातली सगळी गावं ती धायरीपासून मोजायची.

"लिवर्णे म्हणजे कुठे रे विसू? धायरीच्या अलीकडे की पलीकडे?"

"पलीकडे."

"बरंच?"

"बरंच. मध्ये समुद्र लागतो."

"मग खडकवासल्यावरून जाऊ नकोस बाबा. तिकडे चिखल फार."

माझी बायको सगुणा तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"उतरणार कुठे?"

"ते ठरवायचंय."

"जेवणार काय?"

"तेही ठरवायचंय."

"आणि परत येणार का?"

मी हसलो. ती हसली नाही. एक खडा तिने इतक्या लांब भिरकावला की तो अंगणाच्या पार कोपऱ्यात जाऊन पडला.

लिव्होर्नो प्रत्यक्ष पाहिलेला एकच माणूस पुण्यात होता: पावलो. तिथेच जन्मलेला, गारपिराच्या छावणीजवळ राहणारा, सरदारांची बंद पडलेली घड्याळं चालू करणारा. मराठी तो भाजीवाल्या बाईकडून शिकला होता, त्यामुळे सहा फूट उंच आणि छातीभर लाल दाढी असलेला हा गृहस्थ स्वतःबद्दल "मी येते, मी जाते" असं बोलायचा आणि समोर कुणीही असो, त्याला "अगं बाई" म्हणायचा. एकदा एका सरदाराला म्हणाला होता. सरदारांचं घड्याळ नुकतंच चालू झालं होतं म्हणून तो वाचला.

"अगं बाई, लिव्होर्नो!" तो आनंदाने ओरडला. "धक्क्याजवळ सराई आहे. खूप स्वस्त! एक पलंग, चार माणसं."

"ओळखीची?"

"नाही गं. सकाळपर्यंत होते ओळख!"

"आणि जेवण?"

"खाली स्वयंपाकघर. मासे तळते. डुक्कर तळते. सगळा वास फुकट वर येते."

माझा चेहरा पाहून त्याला दया आली असावी. थोडा विचार करून तो म्हणाला, की याहून स्वस्त एक जागा आहे. तबेल्यावरचा माळा. खाली खेचरं, वर आपण. पलंगच नाही, त्यामुळे पलंगात भागीदारही नाही. वर शेगडी न्यायची, पाणी न्यायचं, आपलं आपण शिजवायचं, कुणी विचारत नाही.

झालं! मला तर ती जागा स्वर्गासारखी वाटली. घरी येऊन मी मोठ्या ऐटीत जाहीर केलं, "तबेल्यावरच्या माळ्यावर उतरायचं ठरलं!"

हे ऐकायला शेजारचे चिंतोपंत हजर होतेच. चिंतोपंत उभ्या जन्मात लोणी काळभोरच्या पुढे गेले नव्हते, पण प्रवासाविषयी त्यांचा सल्ला घेतल्याशिवाय आमच्या गल्लीतून कुणाला बाहेर पडता येत नसे.

"आपण स्वतः शिजवणार?" त्यांनी विचारलं.

"त्यात काय? तांदूळ, पाणी, जाळ."

"वा! मग बाकी राहिलं काय?" असं म्हणून ते अडकित्त्याने सुपारी कातरायला लागले. पुण्यात याचा अर्थ फार वाईट होतो.

सगुणाने मात्र सुपात हात तसाच ठेवून शांतपणे विचारलं, "अहो, तुम्ही आजवर चूल कधी पेटवली आहे?"

मी आठवायला लागलो. मी अजून आठवतोच आहे हे पाहून ती उठली आणि परसात जाऊन गोठ्याकडे बोट दाखवलं. गोठ्याला वर लाकडी माळा होता, अर्ध्यात कडबा भरलेला. "हेच तुमचं लिवर्णे समजा. खाली खेचराच्या जागी गाय आहे. उद्या दिवसभर वर राहायचं, स्वतः पाणी न्यायचं, स्वतः शिजवायचं, जेवून दाखवायचं. जमलं तर खुशाल जा, मी लाडू बांधून देते. नाही जमलं तर शेठना जाऊन खरं सांगा, की तुम्हाला पाणी हवं होतं."

(पाण्याची गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. तिला कशी कळली, हे मला आजपर्यंत कळलेलं नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोवळं नेसून, शेगडी घेऊन शिडीने माळ्यावर चढलो. पावलो खास सराईवाला म्हणून आला होता. आत्याने त्याला अंगणात लांब, तुळशीपासून चांगलं अंतर राखून बसवलं. चिंतोपंत पानाचा डबा घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसले.

वर पोचल्यावर लक्षात आलं, की पाणी खालीच राहिलं. उतरलो. पाणी घेऊन चढलो, तर तांदूळ राहिले. तांदूळ नेले, तर चकमक राहिली. दर वेळी चिंतोपंत उठून स्वागत करत होते.

"आलात? समुद्र कसा काय होता?"

अखेर सगळं वर पोचलं. शेगडीत गोवऱ्या रचल्या. गोवऱ्या ओल्या होत्या, हे मला धूर सांगत होता. पण धुराची भाषा मला येत नव्हती. मी फुंकत होतो आणि धूर वाढत होता. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तांदळाचं भांडं मात्र कोरडं, कारण पाण्याची घागर मला दिसेनाशी झाली होती! खालून पावलो उत्साहाने ओरडला, "अगदी लिव्होर्नो गं! अगदी असंच!"

धूर बाहेर जावा म्हणून मी झरोका उघडला. धूर बाहेर गेला नाही, वारा आत आला. शेगडीतून ठिणग्या उडाल्या आणि त्यातली एक सरळ कडब्यात जाऊन बसली.

इथपर्यंत सगळी गंमत होती. कडब्याने पेट घेतला आणि ती संपली. आमच्या भिंतीला लागून चिंतोपंतांचं छप्पर, त्याला लागून पुढचं, आणि वारा त्याच दिशेचा. मी सोवळ्याच्या सोग्याने ज्वाला झोडपायला गेलो, तर सोग्यानेच पेट घेतला. सोवळंच फेडून फेकलं आणि शिडीकडे धावलो. शिडी नव्हती! खाली बिथरलेल्या गाईने धडक देऊन ती आडवी केली होती.

"आग! आग!" चिंतोपंतांनी अशी आरोळी ठोकली की ती शनिवार पेठेपर्यंत गेली असावी.

धुरातून खाली पाहिलं तर सगुणा गोठ्यात शिरत होती. मी ओरडलो, "अगं, बाहेर हो!" तिने ऐकलं नाही. गाईचं दावं सोडून, तिला शेपटीकडून ढकलत ढकलत ती बाहेर आली, आणि मग वर माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असेल असं मला वाटलं होतं. नव्हता. ती घाबरली होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती माझ्यासाठी घाबरते हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

"उडी मार गं बाई! मी धरते!" पावलो दोन्ही हात पसरून खाली उभा होता. जळता कडबा त्याच्या अंगाजवळ गळून पडत होता, पण तो हलला नाही. मी डोळे मिटले आणि नुसत्या लंगोटीवर उडी मारली. त्याने मला झेललं, आणि आम्ही दोघेही शेणाच्या खड्ड्यात जाऊन पडलो. आयुष्यात इतकी मऊ जागा मला कुठल्याही सराईत मिळाली नसती.

तोपर्यंत गल्ली धावून आली होती. हौदापासून आमच्या परसापर्यंत माणसांची रांग लागली, घागरी हातोहात यायला लागल्या. पलीकडच्या यमुनाकाकू, ज्या पापडांच्या वाळवणावरून सगुणाशी कित्येक महिने बोलत नव्हत्या, त्या परातीत पाणी घेऊन आल्या. ज्यांच्या मुलाच्या मुंजीला मी गेलो नव्हतो, ते जोशी छपरावर चढून ओली पोती पसरत होते. बघता बघता आग विझली. माळा गेला, कडबा गेला. पण भिंतीपलीकडे एक काडीसुद्धा जळली नाही.

कोतवालीचा शिपाई आला तेव्हा सगळं संपलं होतं. त्याने माझ्याकडे, म्हणजे शेणात माखलेल्या लंगोटीकडे, पाहून विचारलं, "काय चाललं होतं इथं?"

चिंतोपंत पुढे झाले. "काही नाही. पंत लिव्होर्नोला उतरले होते."

"ते कुठंशी आलं?"

"इतालीत. होतं. आत्ताच जळालं."

पावलोचे दोन्ही तळहात भाजले होते. कुणाच्या लक्षात येण्याआधी आत्या कोरफड घेऊन त्याच्यासमोर बसली. ज्याला तिने सकाळी तुळशीपासून लांब बसवलं होतं, त्याचे हात आपल्या हातांत धरून ती गर लावत होती आणि रागावत होती. "हलू नकोस मेल्या! एवढा मोठा झालास आणि कुणाला कसं झेलावं ते कळत नाही?" नंतर तिने डोक्यावरून आंघोळ केली हे खरं, पण त्याला जेवायला वाढल्यानंतर.

दुसऱ्या दिवशी माणिकशेठ दोन माणसांच्या आधाराने स्वतः आमच्याकडे आले. मला वाटलं, नोकरी गेली. त्यांनी जळका गोठा पाहिला, मला पाहिलं, आणि ओट्यावर बसून पोट धरधरून हसायला लागले. हसणं थांबल्यावर त्यांचं लक्ष कोपऱ्यात हाताला चिंध्या बांधून बसलेल्या पावलोकडे गेलं.

"तू तिथलाच ना रे? घरी जावंसं वाटत नाही?"

पावलोने हातावरच्या चिंध्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "आई आहे. आता म्हातारी असेल."

"मग पोवळी आणायला तूच जा. उतरशील कुठे?"

"आईकडे."

"स्वस्त पडेल," शेठ म्हणाले, आणि माझ्याकडे वळून, "पंत, तुम्ही उद्यापासून पेढीवर या. शेगडीपासून लांब बसा."

सगुणाने बांधलेले लाडू पावलोने नेले. जाताना आत्या त्याला म्हणाली, "तुझ्या आईला सांग, हे बायकी बोलणं आम्ही नाही शिकवलं." पुढल्या वर्षी पावसाळा संपल्यावर तो परत आला. शेठसाठी उत्तम माल आणि आत्यासाठी त्याच्या आईने दिलेलं एक पोवळं घेऊन. आत्याने ते देव्हाऱ्यात ठेवलं. रोज गंध लावायची त्याला.

आणि मी? मला शेठनी आगीनंतर काही दिवसांनी सासवडला पाठवलं, एका रात्रीच्या मुक्कामाला. पहाटे निघालो तर काय बघतो! गल्लीत प्रत्येक दारासमोर पाण्याने काठोकाठ भरलेली घागर! प्रवासाला निघालेल्याला भरली घागर दिसणं केवढा मोठा शकुन. ज्यांची घरं मी जवळजवळ जाळली होती, तीच माणसं माझं भलं चिंतत होती. माझे डोळे भरून आले. चिंतोपंत दारात उभे होते. मी त्यांचे हात धरले.

"चिंतोपंत, या गल्लीचे उपकार मी कसे फेडू? माझ्यासाठी एवढा शकुन केलात!"

"शकुन कसला?" चिंतोपंत म्हणाले. "त्या दिवसापासून भरूनच ठेवतो आम्ही. आज तुम्ही बाहेरगावी जाताय असं कळलं, म्हणून रिकाम्या करायला बाहेर काढल्यात."